पाय टेकायला फळी

आमच्या दाजींनी आजवर एकाही माणसाचा चेहरा नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना कॉलेजात होते तेव्हापासून ओळखते. मधल्या काळात मला चष्मा लागला, केस पिकले, मी ते काळे केले, मग कंटाळून पुन्हा पांढरे होऊ दिले. यातल्या एकाही घडामोडीची दाजींनी दखल घेतलेली नाही. पण त्यांच्या इंदिरानगरच्या घरी मी सोफ्यावर जरा सैलावून बसले, की आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या या माणसाला ते कसं कळतं कोण जाणे, तिथूनच हाक येते, "मेहुणबाई, माकडहाडावर बसू नका! बसायला देवानं दुसरी जागा दिलेली हाय." माणूस दिसतो कसा, बोलतो कसा, कमावतो किती, या गोष्टी दाजींच्या लेखी किरकोळ. माणूस बसतो कसा आणि बसल्यावर त्याचे पाय कुठे असतात, एवढ्यावरून ते जगाशी ओळख ठेवतात.

लासलगावला एका लग्नात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. फेटा बांधलेले एक भारदस्त गृहस्थ दाजींसमोर येऊन उभे राहिले आणि "ओळखलं का?" म्हणाले. दाजी कसनुसं हसले. गृहस्थांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, फौजेत दोघं एका तंबूत राहत होते त्या तंबूची गोष्ट सांगितली. दाजींच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. शेवटी ते बिचारे हिरमुसून शेजारच्या खुर्चीवर टेकले, एका बाजूला कलून, उजवा गुडघा जरा वर घेऊन. त्याबरोबर दाजी ताडकन उठले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अरे, डाव्या कुल्ल्या! तू हायेस व्हय!" दोघांनी कडकडून मिठी मारली. बायकांच्या रांगा वळून बघायला लागल्या आणि माझ्या बहिणीने पदर तोंडावर घेतला तो जेवणं होईपर्यंत काढला नाही.

या सगळ्याला कारणीभूत आहे एक बोट. दाजी मूळचे येवल्याचे, म्हणजे जिथे पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात बालपण जातं त्या बाजूचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या पैठणीचा माग. असा माणूस फौजेत गेला काय, तिथे कुणीतरी त्याला शर्यतीच्या कयाकमध्ये बसवलं काय, आणि त्यानंतर तो जो त्या बोटीचा झाला तो झालाच. ही कयाक म्हणजे आपण बागेतल्या तळ्यात पेडल मारतो तसली भरभक्कम होडी नव्हे. सतरा फूट लांब, मधोमध जेमतेम एका माणसाचं बूड मावेल एवढी रुंद, आणि इतकी डुगडुगती की नवशिक्याने आत बसून शिंक दिली तर तो पाण्यात. पाहणाऱ्याला वाटतं की वल्हं मारणाऱ्याच्या दंडात ताकद असते. असं कुणी म्हणालं की दाजींचा पारा चढतो. "हातानं बोट चालत असती तर हमालानं गोल्ड मेडल आणलं असतं," ते म्हणतात. त्यांच्या मते बोटीत दोनच गोष्टी खऱ्या, बैठक आणि फळी. बैठक म्हणजे ती छोटी खोलगट सीट, जिच्यावर कंबर फिरली पाहिजे पण घसरली नाही पाहिजे. आणि फळी म्हणजे पुढे पाय रोवायला असलेला आडवा आधार, ज्याला मुलं फुटरेस्ट म्हणतात. उजवीकडे वल्हं पाण्यात घातलं की उजव्या पायाने फळी दाबायची, डावीकडे घातलं की डाव्याने. पायाचा तो रेटा कमरेतून वर खांद्यात जातो आणि वल्ह्यात उतरतो. फळी नसेल तर माणूस नुसता आपल्या जागी मागेपुढे घसरत राहतो आणि बोट आहे तिथेच. "माझ्या बापाची पैठणी हातानं विणलेली म्हणून लोक कौतुक करत्यात," दाजी एकदा मला म्हणाले. "बाप खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा आणि दिवसभर पायाखालच्या पावड्या दाबायचा. पायानं विणलेली हाय ती. पण पायाचं कौतुक कोण करतं सांगा."

मला हे पटत नव्हतं, मी मराठीची शिक्षिका, म्हणून त्यांनी मला एका रविवारी गंगापूर धरणावर नेलं. फौजेनंतर धरलेल्या कंपनीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते तिथल्या एका छोट्या क्लबात मुलांना शिकवतात. शिकवतात म्हणजे काय, तर काठावर एका लांब पाटावर सीट आणि फळी ठोकून ठेवलीय, तिच्यावर मुलांना कोरडं बसवतात. आठवडेच्या आठवडे. पाण्याला स्पर्श नाही. समोर एवढं धरण पसरलेलं, आणि पोरं जमिनीवर बसून हवेत वल्ही मारतायत. एक आई वैतागून म्हणाली, "सर, आमची मुलगी कधीची जमिनीवरच बसलीय. पाण्यात कधी जाणार?" दाजी शांतपणे म्हणाले, "बाई, पाणी कुठं पळून चाललंय का?" मग त्यांनी मलाच त्या पाटावर बसवलं, साडीसकट. पाय हवेत धरायला लावले, हातात दोरी दिली आणि दुसरं टोक स्वतः धरून, समोर स्टुलावर बसून म्हणाले, ओढा. मी ओढलं, तर मीच सुळकन त्यांच्याकडे घसरत गेले आणि मुलं फिदीफिदी हसली. मग माझ्या पायांशी फळी आणून घट्ट केली आणि पुन्हा म्हणाले, ओढा. या वेळी मी असा काही हिसका दिला की दाजी स्टुलावरून खाली आले. पडल्या पडल्या त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. "बघा! ताकद तुमच्यात होती, पण तिला टेकायला जागा नव्हती!" असं मातीत बसूनच ते सगळ्यांना सांगत होते.

त्या दिवसापासून मला पटलं, पण पटल्याचं मी कबूल केलं नाही, कारण कबूल केलं असतं तर दाजी माझ्या घरी फोमचे तुकडे घेऊन आले असते. ते तसेही आलेच. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत पान्हा, फोम, लाकडाचे ठोकळे आणि चिकटपट्टी कायम असते. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून आले असताना त्यांनी आमच्या मुख्याध्यापिकांचे पाय खुर्चीतून लोंबकळताना पाहिले. भाषणं चालू होती. हा माणूस व्यासपीठावरून उतरला, मागच्या बांधकामावरून दोन विटा घेऊन आला आणि सगळ्या पालकांसमोर बाईंच्या टेबलाखाली शिरला. बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण पुढे त्यांची बदली झाली तेव्हा त्या दोन विटा कापडात गुंडाळून बरोबर घेऊन गेल्या, हे शिपायाने मला सांगितलं.

त्यांच्या स्वतःच्या मुलीला बघायला पुण्याहून मुलगा आला, तेव्हा तर कहर झाला. मुलगा इंजिनिअर, सज्जन, चष्मेवाला. बाकीचे लोक पगाराकडे, घराकडे विषय वळवत होते. दाजींनी काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी त्याच्या हातात असतानाच म्हणाले, "जरा खाली बसता का? असे. गुडघे जरा वर. पाय भिंतीला लावा. पाठ सरळ." मुलगा संस्कारी, बसला. दाजींनी त्याच्या खांद्याला तळहात लावला आणि बाजूला ढकललं. मुलगा पोह्यांसकट कलंडला. दाजी त्याच्या आईवडिलांकडे वळून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मुलगा लय चांगला हाय, पण बैठक कच्ची हाय." माझी बहीण तर पांढरीफटक पडली. पण भाची आतून जी खो खो हसत बाहेर आली, तिला बघून अंगावर शेंगदाणे पडलेला तो मुलगाही गालिच्यावर पडल्या पडल्या हसायला लागला. लग्न तिथेच ठरलं असं मी मानते. लग्नात दाजींनी त्याच्या पाटाखाली फोम लावला होता. सगळे विधी होऊन उठताना पायाला मुंग्या न आलेला नाशिकमधला तो एकमेव नवरदेव असेल.

त्यांची स्वतःची बोट मात्र धरणावर नसते, घरात असते. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. दोरांनी गॅलरीतून वर चढवलेली ती बोट हॉलच्या भिंतीला आडवी टांगलेली आहे, पुढचं टोक गॅलरीत आणि मागचं टोक स्वयंपाकघराच्या दारात. येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याखालून वाकून जातो, त्यामुळे दाजींच्या घरात सगळेच नम्र वाटतात. तिच्यावर टॉवेलसुद्धा वाळत घालायची परवानगी नाही. आणि सगळ्यात कडक नियम फळीचा. फळी ज्या पट्टीवर पुढेमागे सरकते, तिच्यावर दाजींच्या पायांच्या मापाला एक लाल ठिपका आहे. लग्न झालं तेव्हा ताईकडे नेलपॉलिशची एकुलती एक बाटली होती, तिच्यातून तो ठिपका काढलेला. तिथून ती फळी हलवायची नाही. क्लबातल्या बोटींच्या फळ्या दिवसातून दहा जणांसाठी सरकतात, त्या दाजीच सरकवतात. ही मात्र इतकी वर्षं एका जागी बसून बसून तिचा नट गंजून गेला होता.

ताईचं वर्णन मी अजून केलं नाही. आमची ताई बुटकी. अगदी स्पष्ट सांगायचं तर आमच्या घरात सगळ्यात बुटकी, आणि दाजी सहा फुटांच्या आसपास. घरातल्या सगळ्या खुर्च्या, सोफा, डायनिंगचं टेबल, सगळं दाजींनी स्वतः उंची बघून करून घेतलेलं, म्हणजे त्यांच्या उंचीला. ताई त्या घरात कुठेही बसली की पाय वर घेऊन मांडी घालते. सोफ्यावर मांडी, खुर्चीवर मांडी, गाडीतही जमेल तशी मांडी. दाजींनी तिला मांडीवरून कधी टोकलं नाही. "तिची जुनी सवय हाय," एवढंच म्हणायचे. मांडी घातलेल्या माणसाला फळी लागत नाही, त्यामुळे ताई त्यांच्या शास्त्राच्या बाहेर राहिली होती. मला याचं नेहमी नवल वाटायचं, पण नवराबायकोतल्या गोष्टींत आपण का पडा.

गेल्या दिवाळीनंतर दाजींची पाठ गेली. बोट भिंतीवरून काढताना काहीतरी लचकलं म्हणून चार दिवस शेकत बसले, पण मणक्यात नस दाबली गेली होती. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पाठ बरी झाली, पण डाव्या पावलातला जोर गेला. नुसता जोर नाही, तळव्याला काही लागलेलंच कळेना. डॉक्टर म्हणाले, नस हळूहळू जागी होते, कधी कधी होत नाही. दाजी चालायला लागले, पण डाव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडायची आणि त्यांना पत्ता नसायचा. ते एका चपलेने हॉलमध्ये येऊन बसायचे. ताई मागून ती चप्पल उचलून गुपचूप त्यांच्या पायाशी ठेवायची.

आणि दाजी गप्प झाले. कुणी कसंही बसा, काही म्हणेनात. मला आधी वाटलं, बरं झालं, जरा शांतता. मग मी एकदा मुद्दाम करून बघितलं. त्यांच्या समोरच्या सोफ्यावर बसले, हळूहळू खाली घसरत गेले, मान पाठीच्या उशीवर, पाय टीपॉयखाली लांब पसरलेले, थोडक्यात आडवी व्हायचीच बाकी. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत राहिले. "चहा घेणार?" ते म्हणाले. मला एवढं वाईट वाटलं की मी आपणहून सरळ बसले. स्वयंपाकघरात गेले तर ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "अगं, परवा मी सोफ्यावर लोळत जेवले. लोळत! ताट पोटावर ठेवून. काही बोलले नाहीत." आणि ती रडायला लागली. "मला बोलणी खायची आहेत गं. डॉक्टर म्हणतात पाऊल बघू. पावलाचं मला काही नाही. मला हे घरात परत पाहिजेत."

दाजींची सगळी आशा त्या बोटीवर होती. "जमिनीवर त्याला काय कळतंय? बोटीत बसलो की फळीच उठवंल त्याला," ते पावलाकडे बोट दाखवून म्हणायचे. डॉक्टरांनी काही महिन्यांनी परवानगी दिली, लाइफ जॅकेट घालून, उथळ पाण्यात, कुणी बरोबर असेल तर. ताईला बुडायची भीती नव्हती. तिला भीती वेगळीच होती. बोटीनेही नाही म्हटलं तर हा माणूस कशाच्या आधाराने उठून बसेल, हे तिला कळत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

थंडी सरता सरता एका रविवारी सकाळी बोट टेम्पोवर बांधून आम्ही धरणावर गेलो. मी पोळ्या-भाजी आणि लोणच्याचा डबा घेतला होता, कारण कठीण प्रसंगी मला दुसरं काही सुचत नाही. क्लबातल्या दोघांनी काठाशी बोट धरली. दाजी आत बसले. उजवा पाय आपोआप फळीवर गेला. डावा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, फळीला टेकवला, वरून पट्टा ओढला. मग वल्हं घेतलं आणि क्षणभर ते पुन्हा आमचे जुने दाजी दिसले, पाठ ताठ, मान सरळ. उजवीकडचा पहिला फटका असा सुरेख बसला की बोट सुईसारखी पुढे गेली. डावीकडे वल्हं पाण्यात गेलं, पण पायाने काही उत्तर दिलं नाही. पुन्हा उजवीकडे जोर, पुन्हा डावीकडे पोकळ. बोट डावीकडे वळत गेली, वळत गेली आणि कलंडली. पाणी कमरेएवढंच होतं. दाजी उभे राहिले, तोंड पुसलं, पुन्हा बसले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा ते बोटीकडे न बघता काठावर आले आणि मुलांच्या त्या कोरड्या पाटावर जाऊन बसले. "पाऊल फळीवर हाय असं वाटत होतं मला," ते म्हणाले. "नव्हतं. कधी सुटलं ते कळलंच नाय." आणि मग खांदे पाडून, पाठीत पोक काढून बसले, ज्या बसण्यावरून त्यांनी आयुष्यभर लोकांना झापलं होतं तसे.

क्लबातली माणसं समजूतदार, काम काढून बाजूला गेली. मी डबा उघडला आणि बंद केला.

ताईने चपला काढल्या. सलवार घोट्याच्या वर दुमडली, दाजींच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, उठा तिथून. मला बसू द्या. माझं माप घ्या."

दाजींना आधी कळलंच नाही. "तुझं? तुला काय करायचंय माप? तू तर मांडी घालून बसतेस."

"मांडी घालते कारण पाय पोचत नाहीत," ताई म्हणाली. "सोफ्यावरून नाही पोचत, खुर्चीवरून नाही पोचत. तुमच्या घरात एका जागेवरून माझे पाय जमिनीला लागत नाहीत."

दाजी तिच्या पायांकडे बघत राहिले. ज्या माणसाने अख्ख्या नाशिकच्या पायांखाली विटा आणि ठोकळे सारले, त्याचा चेहरा त्या क्षणी बघवत नव्हता. म्हणाले, "मग इतकी वर्षं बोलली का नाय?"

"बोलले असते तर तुम्ही मोजलं असतं," ताई म्हणाली. "आणि मोजलं असतं तर मला रोज सरळ बसावं लागलं असतं. मला सुखाने बसायचं होतं."

मला हसू आवरेना, पण दाजी हसले नाहीत. ते पाटावरून उठले, ताईला तिथे बसवलं आणि तिच्या पायांशी मातीत बसले. तिचं एक पाऊल हातात घेतलं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत वितीने मोजलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. "उजवा पाय कणभर लांब हाय तुझा," ते म्हणाले. "असू दे," ताई म्हणाली. "असू दे काय असू दे? त्याच्यानंच कंबर दुखते तुझी! आधी सांगायला काय झालं होतं? आणि हे काय, पाठ बघ कशी टाकलीय! सरळ बस!" ताईने त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांनी तिला बोलणी बसत होती, आणि कुणाला साडी मिळाल्यावर होणार नाही एवढा आनंद तिच्या डोळ्यांत होता.

मग दाजी बोटीत वाकले. तो नट हलेना. पान्ह्याने हलेना, दगडाने ठोकून हलेना. तेल पाहिजे म्हणाले. तेल कुठून आणायचं? शेवटी मी लोणच्याचा डबा पुढे केला. दाजींनी कैरीच्या फोडी बाजूला सारून बोटाने तेल घेतलं, नटावर सोडलं, थोडं थांबले, आणि दोन्ही हातांनी जोर लावला. करकरत नट फिरला. लाल ठिपक्यापासून फळी सुटली आणि दाजींनी ती अलीकडे ओढली, अजून अलीकडे, पट्टीच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत. मोहरीचा वास सुटला होता. "खूण करायला काय हाय?" त्यांनी विचारलं. मी पर्समधून नेलपॉलिश काढून दिलं. माझी नखं रंगवलेली असतात हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. जुना ठिपका त्यांनी पुसला नाही. त्याच्यापासून बराच अलीकडे दुसरा काढला आणि वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली.

ताईला लाइफ जॅकेट घालून बोटीत बसवलं, तेव्हा आमच्या दोघींचाही जीव मुठीत होता. दाजी कमरेएवढ्या पाण्यात तिच्या पाठीमागे उभे राहिले, दोन्ही हातांनी बोट धरून. "पाय टेकले?" त्यांनी विचारलं. ताईने पाय पुढे केले. "टेकले," ती म्हणाली, आणि मग जरा वेळाने पुन्हा एकदा, स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "टेकले हो." दाजी तिला हळूहळू पुढे नेऊ लागले. त्यांचा डावा पाय चिखलात कुठे पडतोय ते त्यांना कळत नव्हतं. अडखळले की ते बोटीवर भार द्यायचे, बोट डुगडुगली की ताई किंचाळायची, आणि ताई किंचाळली की ते ओरडायचे, "मागं वळायचं नाय! फळी दाब! उजवा! आता डावा! तुझा तर डावा चालतोय ना, मग दाब की!" पलीकडच्या काठावरची मेंढरं मान वर करून बघत होती. ताईने वल्हं पाण्यात घातलं, कुठल्या कुठे वेडंवाकडं, पण पाय दाबला आणि बोट दाजींच्या हातात जराशी पुढे सरकली. ते हातांना जाणवलं तसे दाजींनी डोळे मिटले.

मग ते थांबले. मी काठाने त्यांच्या पुढे जाऊन उभी होते. तिथून मला दोघं समोरून दिसत होते. दाजींना फक्त ताईची पाठ दिसत होती.

"रडतेस काय गं?" दाजींनी विचारलं. "पाठ हलतेय तुझी."

"नाही," ताई म्हणाली.

"मग हसतेस. दोन्हीला पाठ सारखीच हलते. सरळ बस."

ताई सरळ बसली. तिचा चेहरा माझ्यासमोर होता, स्वच्छ उजेडात, अगदी जवळ, आणि खरं सांगते, यातलं नक्की काय चाललं होतं ते मलाही सांगता आलं नसतं.